काळुरामच्या मचव्याची फळी

मी एक जुनी पाटी आहे, आणि मित्रांनो, मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. तुम्ही बक्षीस समारंभाला या सभागृहात येता, तेव्हा मागच्या खोलीत मोडक्या बाकांशेजारी एक काळी फळी भिंतीला टेकून उभी असते, तीच मी. खाडीवरून वारा सुटला की मी भिंतीवर टकटक करते. झाडूवाला म्हणतो, उंदीर झाले. त्याचं काय चुकलं म्हणा! पंचवीस वर्षं दारावर मिरवलेल्या पाटीला आता उंदीर म्हणतात.

पण मी जन्मानं पाटी नाहीच. मी मचव्याची फळी. ठाण्याच्या खाडीतून मीठ भरायचं आणि कल्याणच्या बंदरात उतरवायचं, हे त्या मचव्याचं काम. पोटात मीठ, खाली पाणी, वर ऊन. भरतीला निघायचं, ओहोटीआधी परतायचं. स्वस्थ बसणं मला तिथे कुणी शिकवलंच नाही. मचव्याचा मालक होता काळुराम, मिठागरावरच्या आगरी पाड्यातला. एका पावसाळ्यात मचवा रेल्वेपुलाच्या दगडी खांबावर आपटून फुटला. सगळ्या लाकडाचं सरपण झालं, मी तेवढी धड राहिले. काळुरामने मला घरी नेऊन उभं केलं आणि वर्षभर कशालाच वापरलं नाही. त्याला ते जिवावर आलं असावं.

त्याच सुमाराला गावात सार्वजनिक सभागृहाचं काम निघालं. पुढाकार हरिहरपंतांचा. पंत शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव सरळ, अगदी पट्टीने आखलेला. ज्याच्याकडे पैसा त्याने पैसा दिला, पाड्यातल्या लोकांनी अंगमेहनत दिली. जोत्याची माती पाड्यातल्या बायकांनी डोक्यावरून वाहिली आणि गाणी म्हणत चोपली. शेवटी काळुराम मला खांद्यावर घेऊन आला.

"पंत, ही फली माजे मचव्याची हाय. सभेचे घराला घ्या."

पंतांनी माझ्यावरून हात फिरवला. "काळुराम, हिची पाटी करू. दारावर लावू. येणारा आधी तुझी फळी पाहील."

"पन आमाला वाचाया कुटं येतं?"

"नसू दे. फळी तुझीच राहील," पंत म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे त्यावरच सगळं अडलं आणि त्यावरच सुटलं.

मला रंधा मारला, काळं रोगण दिलं. मग माझ्यावर काय लिहायचं यासाठी चार मंडळी तीन दिवस भांडली. व्याख्यान, कीर्तन, पुराण यांना सभागृह फुकट, यावर एकमत झालं. नाटक मंडळीला दहा रुपये आणि दिव्याचं तेल ज्याचं त्यानं आणायचं, हेही ठरलं. घोडं अडलं लग्नाच्या भाड्यावर. गुरुदत्त वकील तेव्हा तरुण होते, नुकतीच सनद मिळालेली.

"लग्नाला वीस रुपये ठेवा," ते म्हणाले. "म्हणजे वाटेल तो उठून येणार नाही."

"वाटेल तो म्हणजे कोण?" पंतांनी विचारलं.

वकील खिडकीबाहेर पाहू लागले.

"ज्यांनी जोतं चोपलं त्यांना परवडेल तोच दर," पंत म्हणाले. "पाच रुपये. आणि तेही जड जात असतील तर तीन."

मला पंतांचा फार अभिमान वाटला. पुढे ते लिहायला बसले. खांबाला घोडे-बैल बांधू नयेत. जोडे बाहेर काढावेत. तंबाखू खाऊन भिंती रंगवू नयेत. आत चूल पेटवू नये. मध्यंतरी एका बड्या कंत्राटदाराने इथे गाणारणीची बैठक केली होती, तीत मारामारी होऊन दिव्यांच्या दोन हंड्या फुटल्या होत्या. त्या रागात पंतांनी आठवा नियम लिहिला, 'स्त्रियांचे गाणे सभागृहात होऊ देणे नाही.' शेवटी ऐटीत नववा लिहिला, 'ही पाटी दारावर आहे तोवर वरील नियम सर्वांस बंधनकारक राहतील.' हा नववा त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचला आणि स्वतःवर खूश झाले.

मला दोरी बांधून दारावरच्या खुंटीला अडकवलं. खुंटी एकच, त्यामुळे वाऱ्यावर मी डुलत असे. लोक म्हणत, काय छान पाटी! पण मला सारखं चुकल्या-चुकल्यासारखं होई. ज्याची मी, त्याला माझ्यावरचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि माझ्यावर काय लिहिलंय ते त्याला कुणी वाचूनही दाखवलं नव्हतं.

मग तो वैशाख आला. काळुरामच्या नातीचं, तुळसाचं लग्न ठरलं होतं. पोरीला हळद लागली आणि त्याच दिवशी पौर्णिमेच्या उधाणाला मिठागराचा बांध फुटला. पाड्यात गुडघाभर पाणी शिरलं, मांडवाचे बांबू आडवे झाले. हळद लागलेली पोर तशीच ठेवता येत नाही. काळुराम धावत पंतांकडे आला. पंतांनी तीन रुपयांवर सभागृह दिलं. दर सांगितला, चूल बाहेर पेटवायला सांगितली, जोड्यांचं सांगितलं. आठवा नियम काही वाचला नाही. लग्नात गाणारणीची बैठक कशाला असेल, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांच्याकडची लग्नं भटजी लावत. आगरी लग्न कसं लागतं, हे त्या विद्वान माणसाला ठाऊकच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर नवरदेवाचे दोन मचवे कल्याणकडून आले. ओहोटी लागायच्या आत परतायला हवं, नाहीतर मचवे चिखलात रुतणार. आत पाट मांडले गेले. ठमाबाई पुढे झाली. ठमाबाई म्हणजे धवलारीण. त्या लोकांत लग्न तीच लावते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक कामाचा धवळा, म्हणजे लग्नगाणं, ती गाते आणि गाण्याबरोबर काम पुढे सरकतं. भटजीही असतात, पण त्यांचा नंबर मागून. ठमाबाईने डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. खणखणीत आवाज! पंतांचं घर शेजारीच. ते जेवण टाकून पळत आले.

"बाई, थांबा! इथे बायकांचं गाणं चालत नाही."

ठमाबाई थांबली. मी दारात खुंटीवर टकटक करत होते, तेवढाच आवाज.

"कोन बोलतं?" काळुरामने विचारलं.

"पाटी बोलते. आठवा नियम." पंतांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि तो नियम वाचला.

काळुराम माझ्याकडे बघत राहिला. मित्रांनो, त्या वेळी मला खाडीत बुडून जावंसं वाटलं.

"पंत, आमचे लग्नान धवला नाय त लगीन नाय," तो म्हणाला.

"मला कळतंय रे. पण गेल्याच महिन्यात त्या कंत्राटदाराला मी याच नियमावर परत पाठवलं. आज तुम्हाला सूट दिली, तर उद्या कोणत्या तोंडानं त्याला नाही म्हणू? भटजी आहेत ना? मंत्रांनी लावा लग्न."

"मंत्र बोलाल तवर बोला," ठमाबाई म्हणाली. ती रागावली नव्हती, हे जास्त लागलं. "पन माजे धवल्याबिगर माजी पोरी कुवारीच ऱ्हाईल. पाड्यान कोन तिला नांदती बोलल?"

पिवळ्या अंगाची तुळसा पदर तोंडात धरून रडू लागली. नवऱ्याचा बाप दोनदा बाहेर जाऊन पाणी बघून आला. "उतराया लागलं," तो म्हणाला. भटजींनी घसा साफ केला आणि कुणी बघेना म्हणून तोंड पुन्हा मिटलं. पंत घामाने निथळत होते. माणूस वाईट नव्हता हो. स्वतःच्याच अक्षरात अडकला होता.

मग काळुराम दाराशी आला.

"पंत, ही फली माजी हाय का नाय?"

"आहे. मी तसा शब्दच दिलाय."

"मंग मना परत द्या. घर तुमचं, नियम तुमचं. फली माजी."

त्याने हात वर करून माझी दोरी खुंटीवरून काढली. मला आत नेलं, पुढचा पाट बाजूला सारला आणि तिथे मला आडवं ठेवलं, नियम वर करून.

"पोरी, आज्याचे मचव्यावर बस."

तुळसा माझ्यावर बसली. कितीतरी दिवसांनी माझ्यावर कुणाचा भार आला. हळदीचं तेल माझ्या अक्षरांत झिरपू लागलं.

पंत पुढे आले. "काळुराम, पाटी खाली ठेवून नियम जात नाहीत."

तेवढ्यात मागच्या दाराशी ओटीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या गोदाकाकू बोलल्या. गोदाकाकू म्हणजे पंतांचं कुटुंब. चारचौघांत त्या कधी बोलत नसत.

"अहो, नववा नियम कुणी लिहिला?"

"मी. का?"

"काय लिहिलंय त्यात?"

"ही पाटी दारावर आहे तोवर..." पंत म्हणाले आणि थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं, तर घाईत पायांत जोडे तसेच! त्यांनी मुकाट्याने जोडे काढून बाहेर ठेवले आणि बायकांच्या मागे सतरंजीच्या कडेला बसले.

"ठमाबाई," ते म्हणाले, "मी ऐकतो."

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी आजवर पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण त्या घराच्या तुळया तशा कधी घुमल्या नाहीत. पंत शेवटपर्यंत बसले. मचवे ओहोटीच्या जेमतेम आधी सुटले. आणि मी, जन्माची अस्वस्थ, तुळसा माझ्यावर बसली होती तेवढा वेळ जराही हलले नाही.

चार दिवसांनी काळुरामने मला आपण होऊन परत आणून दिलं. पंतांनी आठवी ओळ खरवडली, पण तिथे तेल इतकं मुरलं होतं की रंग धरेना. तीन वेळा लिहिलं तेव्हा कुठे अक्षर टिकलं, 'लग्नातील धवळ्यांस मनाई नाही.' लिहिण्याआधी ते पाड्यात गेले होते आणि सगळे नऊ नियम वाचून दाखवले होते.

"बाई, बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"मना काय वाचाया येतं?" ठमाबाई म्हणाली. "पन तुमी बसून आयकलंत. आता बरोबरच आसल."

ते दिवस गेले. काळुराम गेला, ठमाबाई गेली, पंतही गेले. माझी अक्षरं उन्हाने विटली, एका कोपऱ्याला वाळवी लागली, आणि कुणी म्हणजे कुणी एकदा तेलाचा हात फिरवला नाही. गेल्या दिवाळीत गुरुदत्त वकील चिटणीस झाले. त्यांनी मुंबईहून छापील पत्र्याची पाटी आणवली. देखणी आहे, माझ्यासारखी डुलत नाही. चार खिळे ठोकून पक्की बसवली आहे. पण त्यावरचे नियम त्यांनी माझ्यावरून घेतले नाहीत, पंतांनी सगळ्यात आधी केलेल्या कच्च्या कागदावरून उतरवले. आठवा पुन्हा तोच आला, जुना! मी मागच्या खोलीतून रात्रंदिवस टकटक करत राहिले. ऐकणार कोण? उंदीर झाले म्हणे.

आज दुपारी तुळसा आली. केस पिकू लागलेत तिचे. मुलीच्या लग्नासाठी सभागृह मागायला आली होती. मुलगी शाळेत दोन इयत्ता शिकलेली, तिने दारातच पत्र्यावरची आठवी ओळ वाचून दाखवली. तुळसा सरळ मागच्या खोलीत आली, मला पदराने पुसलं आणि ओढत दाराशी नेलं. वकीलसाहेब चष्मा सावरत बाहेर आले.

"हे काय गं? ही जुनी पाटी कशाला काढलीस?"

तुळसाने मला नव्या पाटीखाली आडवं ठेवलं.

"सायेब, बसा हिच्यावर."

"मी? का?"

"पंत आमचेत बसलेले. त्यांनी सगलं आयकलं, मंगच लिवलं. तुमी पन आयका."

वकीलसाहेब इकडेतिकडे पाहू लागले. मग धोतर सावरून, गुडघ्यांवर हात देत, हळूहळू माझ्यावर बसले. आणि तुळसाने धवळा धरला. आवाज ठमाबाईसारखा नव्हता, मध्ये एकदा फाटलाही. वकीलसाहेब आधी अवघडून बसले होते. पुढे त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. वारा सुटला होता, पण मी हलले नाही.

गाणं संपल्यावर त्यांनी मान वर करून नव्या पाटीची आठवी ओळ वाचली. मग झाडूवाल्याला म्हणाले, "सुताराला बोलाव. खिळे काढायचेत."

मित्रांनो, सुतार अजून आलेला नाही. मला खुंटीवर परत लावतील की पुन्हा बाकांशेजारी ठेवतील, मला ठाऊक नाही. माझा हट्टही नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या दारावर पाटी लावाल. तेव्हा जे त्या दारातून येणार, त्यांच्यात आधी जाऊन बसा, त्यांचं ऐका आणि मग लिहा. आणि जमलंच तर अधूनमधून माझ्या लाकडाला थोडं तेल लावा. आठव्या ओळीला नको, तिथे तुळसाच्या हळदीचं तेल अजून आहे.