तालमीत सांडलेली ओळ

रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फळ्यांच्या खाली, माणूस छातीपर्यंत मावेल एवढी एक खोबण होती. वरून लाकडी टोप. प्रेक्षकांना तो पालथ्या कासवासारखा दिसायचा, आतलं माणूस दिसायचं नाही. धाकटी तिथे एकोणीस वर्षं बसत होती. पुढ्यात स्वरलिपीचं बाड, बाजूला मिणमिणता दिवा, डोळ्यांसमोर गाणाऱ्यांचे पाय आणि त्या पायांची धूळ. काम एवढंच, की गाणाऱ्याला त्याचा शब्द एक मात्रा आधी पुरवायचा. सगळे तिला उंदीरमावशी म्हणत, आणि तीही ओ देई.

नायिकेचं काम करायची तिची सख्खी थोरली बहीण. दोन वर्षांमागे ताईच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आवाज परत आला, लख्ख आला, पण पाठ केलेले शब्द कुठे पांगले ते पांगलेच. हे ठाऊक फक्त दोघींना. धाकटीच्या ओठांवर जे येईल, ते ताईच्या गळ्यातून निघे. रविवारी दुपारी तीनला आजारपणानंतरचा तिचा पहिला प्रयोग होता.

या ऑपेरात नायिका शेवटच्या ओळीवर मरते. ‘दार लावू नका, मी अजून उंबऱ्यात आहे.’ आणि या नाट्यगृहाचा जुना रिवाज असा, की ही ओळ तालमीत गायची नाही. तिथे नुसती वाद्यं वाजतात, गाणारी तोंड मिटून आडवी होते. रिकाम्या खुर्च्यांपुढे ओळ सांडली, तर भरल्या खुर्च्यांपुढे ती गळ्यात उतरत नाही म्हणे. सांगताना हसत सगळे, पाळतही सगळे.

शुक्रवारच्या तालमीत ताई शेवटून तिसऱ्या ओळीवर अडखळली. धाकटीने शब्द टाकला, ताईने उचलला. पुढचा टाकला, तोही उचलला. उतारावर पाय सुटावेत तसं धाकटीचं तोंड सुटलं. थांबायची जागा आली आणि मागे पडली. ‘दार लावू नका’ ओठांवरून निसटलं, आणि ताईने डोळे मिटून आख्खी ओळ गायली. ‘अजून’वर आवाज किंचित चिरला, आणि त्या चिरेतून काळीज दिसावं तसं झालं.

वाद्यं थांबली. वेशभूषेच्या काकूंच्या हातून टाचण्यांची डबी खळ्ळकन पडली.

“झालं वाटोळं,” काकू म्हणाल्या.

“काकू, टाचण्या वेचा. पायात घुसतील ते खरं वाटोळं,” वाद्यवृंदाचा संचालक म्हणाला. म्हणाला खरा, पण छडी त्याने खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

घरी ताईने चप्पलही काढली नाही. “का दिलीस ग ती ओळ?”

“तू का घेतलीस?”

“तू दिलंस की मी घेते. दुसरं काय येतंय मला आता?”

शनिवारी धाकटीने दोनदा चहा केला आणि दोन्हीदा मोरीत ओतला. आतल्या खोलीत ताई बाड पुढ्यात घेऊन गाऊन बघत होती. पहिला अंक आला, दुसरा आला, तिसरा आला. शेवटच्या ओळीशी पोचली की नुसते ओठ हलत. गळ्यातून वारासुद्धा नाही.

“आजारी आहेस म्हणून कळवू?” धाकटीने दारातून विचारलं.

“दोन वर्षांनी उभी राहतेय बये. उद्या बसले तर कायमची बसेन.”

रविवारी एकही खुर्ची रिकामी नव्हती. ताई गात गेली, धाकटी शब्द पुरवत गेली, तीन अंक कसे सरले कळलं नाही. मग ती जागा आली.

धाकटीने शब्द दिला. ताईच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, ओठ घट्ट मिटलेले. धाकटीने पुन्हा दिला. संचालकाची छडी हवेत अडकली. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

आणि आवाज आला. ताईचाच आवाज, पण ताईकडून नाही. वरून, सज्जाच्या बाजूने. तीच ओळ, श्वास तिथेच घेतलेला, ‘अजून’वर तीच चीर. ओळ संपली आणि पाठोपाठ धाकटीला बारीक खळखळ ऐकू आली, लाकडावर टाचण्या विखुराव्यात तशी.

ताई कोसळली, जशी कोसळायची असते तशीच. टाळ्यांचा कडकडाट झाला. फळीला गाल लावून पडल्या पडल्या तिने ओठ हलवले, “तू गायलीस?”

धाकटीने मान हलवली. नाही.

रंगपटात संचालक डोळे पुसत आला. “बाई, अशा कधीच गायला नव्हतात! बुधवारच्या प्रयोगालाही अगदी अस्सं!” तो गेला. काकू पोशाखाच्या गाठी सोडत होत्या, वर बघत नव्हत्या.

“बुधवारी मी तोंड उघडू की नको?” ताईने विचारलं. बोलायचा आवाज ठणठणीत होता.

“उघड. लांबून कोणाला कळतंय?” धाकटी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून तिने जीभ चावली.

ताई आरशात स्वतःच्या गळ्याकडे बघत राहिली. बाहेर, रिकाम्या झालेल्या प्रेक्षागृहात झाडू फिरत होते. झाडणाऱ्या बायकांची आपसात थट्टा चालली होती. मग सगळे झाडू एकदम थांबले.

“श्श,” बाहेरून एकजण म्हणाली, “बाई गाताहेत बघ.”

ताईने धाकटीचा हात धरला. ताईचे ओठ मिटलेले होते.