सरळ केलेली पाती

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीशी जो गोल, बुटका स्टीलचा हंडा कुशीवर पडलाय, तो मी. आता माझ्यात पावसाचं पाणी साठतं. एके काळी माझ्या पोटात छोटा सूर्य फिरायचा होता. हसू नका.

खऱ्या सूर्याचं असं आहे. त्याच्या पोटातला तापलेला वायू वीज वाहून नेतो. सूर्याचं मधलं अंग भराभर फिरतं, दोन्ही टोकांकडचं रेंगाळतं. या ओढाताणीत उत्तर-दक्षिण पसरलेलं चुंबकत्व सूर्याभोवती गुंडाळलं जातं आणि जोर धरतं. मग वर उसळणारा वायू वाटेत पिळला जातो. तो पीळ चुंबकत्वाला पुन्हा उत्तर-दक्षिण उभं करतो, पण उलट्या तोंडानं. अकराएक वर्षांत हे घडतं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. पीळ नसेल, तर सगळं विझून जाईल.

संशोधक बाईंना हेच माझ्यात करून पाहायचं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी माझ्यावर घातली. मला घडवलं वर्कशॉपमधल्या फिटरकाकांनी. हात असा, की माझ्या सांध्यावरून नख फिरवलं तरी अडायचं नाही. येणारा-जाणारा वाखाणायचा आणि मीही फुगून जायचो.

माझ्यात वीज वाहून नेणारं वितळलेलं सोडियम भरत आणि आतली पाती गरागरा फिरवत. बाहेरून चुंबक लावून सुरुवात करून द्यायची, मग तो काढून घ्यायचा. चुंबकत्व स्वतःच्या बळावर टिकलं, की बाई जिंकल्या. पण चुंबकत्व मोजणारा काटा दर वेळी शून्यावर यायचा. वर्षानुवर्षं पालथ्या घड्यावर पाणी. बाईंचे केस पिकले. "माझं गणितच चुकलंय," असं त्या स्वतःशी म्हणायच्या, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

शेवटी प्रयोग बंद करायचं ठरलं. सोडियम काढून मला साफ केलं, झाकण उघडलं. बाई आत वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"काका, पाती सरळ कशी? मी आराखड्यात तिरकी काढली होती."

"तुमचा हात हलला असेल म्हटलं," काका म्हणाले. "चारचौघांत तुम्हाला कशाला ओशाळं करायचं? मीच नीट केली."

"अहो, सोडियमला पीळ त्या तिरकेपणानंच पडणार होता."

काका मटकन खाली बसले. बाईंनी त्यांना पाणी दिलं. "मीही एकदा आत डोकावायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. नवी पाती करायला ना सवड उरली होती, ना परवानगी. दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढलं.

मित्रांनो, कुणाचं काही वाकडं दिसलं, तर मायेपोटीसुद्धा गुपचूप सरळ करू नका. आधी विचारा. काका अजून अधूनमधून येतात, माझ्यातलं पाणी उपसतात, मला पुसून लख्ख करतात. वरून ऊन पडत असतं. त्या सूर्याला सरळ करायला कुणी गेलं नाही, म्हणून त्याचं अजून चाललंय.