जास्तीच्या गोळ्या

वडशाच्या दवाखान्यापुढे नथ्थूची बैलगाडी थांबली तेव्हा डॉक्टर वच्छलाबाई जेवायला बसत होत्या. ताट तसंच सोडून त्या बाहेर आल्या. गाडीत भाताच्या तणसावर नथ्थूची बायको शकुबाई पडली होती. सकाळपासून ओकाऱ्यांनी गळून गेलेली.

"सारं पिवळं दिसून राह्यलं, बाई," ती पुटपुटली. "तुमचं पांढरं लुगडंबी."

शकुबाईचं हृदय थकलेलं होतं. दिवाळीआधी पाय सुजले, दम लागू लागला, तेव्हा वच्छलाबाईंनीच तिला डिजिटॅलिसच्या गोळ्या दिल्या होत्या. हृदयाला बळ देणारी ही गोळी जास्त झाली की त्याच हृदयाची चाल बिघडवते, आणि नजरेला पिवळेपणा आणते.

"नथ्थूभाऊ, रोज किती गोळ्या देत होतात?"

नथ्थूनं मान खाली घातली. "तुमी एकच सांगतली होती. पन सूज उतरली, बाई. चुलीपाशी बसून भाकर थापाले लागली. मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक पाह्याचं होतं तिले. म्या मनलं, एकीनं एवढं बळ येते तं तीन गोळ्यानं चालत जाईन."

वच्छलाबाईंनी शकुबाईचं मनगट धरलं. नाडी फार संथ चालत होती. दोन ठोके जोडीनं यायचे, मग लांब थांबा.

कंपाउंडर गुणवंतरावांनी पोटॅशियमची बाटली पुढे केली. लघवीच्या जळजळीवर ते औषध दवाखान्यात नेहमी असे. "बाई, हे सुरू करू? उलट्यांनी अंगातलं पोटॅशियम गेलं असेल."

"द्यायचंच आहे. पण आधी नको."

त्यांच्या मनात दोन्ही औषधं तोलली जात होती. पोटॅशियम जास्तीचे, भरकटलेले ठोके शांत करतं. पण हृदयात ठोका पुढे जायची वाटच अडली असेल, तर ती आणखी बंद करू शकतं. ॲट्रोपीनची सुई नाडी उचलते. पण गोळीचं विष तसंच राहतं, आणि सुईचा जोर लवकर ओसरतो. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र नागपूरला. इथे होती ती त्यांची बोटं.

त्यांनी ॲट्रोपीन टोचलं आणि मनगट सोडलं नाही. हळूहळू थांबे आखडले, नाडी उचलली; वाट मोकळी होत होती. जोडीचे ठोके मात्र अजून होतेच. शकुबाईला लघवी झाल्याचं कळल्यावर, म्हणजे औषध अंगात साचणार नाही याची खात्री पटल्यावर, त्यांनी पोटॅशियम पाण्यात कालवलं आणि घोटाघोटानं पाजायला सांगितलं.

सुईनं शकुबाईच्या तोंडाला कोरड पडली होती. नथ्थू धोतराचा सोगा पाण्यात बुडवून तिचे ओठ ओले करत होता.

"मीच मारलं असतं तुले," तो म्हणाला.

"मले ठाऊक होतं," शकुबाई हळूच म्हणाली. "जास्तीच्या देऊन राह्यले मनून."

"मंग घेतल्या काऊन?"

"तुमी किती खूश दिसत होते."

वच्छलाबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. हातातलं मनगट मात्र तसंच होतं. दिवस कलता कलता जोड्या तुटल्या आणि ठोके एकामागून एक, समान येऊ लागले. शकुबाईनं पेज मागितली.

आठवड्याभरात ती भिंतीला धरून चालू लागली. नजर साफ झाली. नाडी पुन्हा पुन्हा तपासून, बऱ्याच विचारानं, वच्छलाबाईंनी गोळी परत सुरू करायचं ठरवलं, पण अर्धीच.

नथ्थूनं दोन्ही हात मागे घेतले. "माह्या हातात नोका देऊ, बाई. शेजारच्या सोमारीले सांगा."

"दुसऱ्याच्या हातून मी घेनार नाई," शकुबाई म्हणाली.

वच्छलाबाईंनी अर्धी गोळी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्या खरबरीत तळव्यावर ती दिसेना इतकी लहान होती. नथ्थूनं ती दोन बोटांत जपून उचलली आणि म्हणाला, "तोंड उघड."