फांदीचा भाव

राजकुमारने दोर कडुलिंबाच्या दुबेळक्यातून ओवला, कमरेच्या पट्ट्याला अडकवला, झटका देऊन पाहिला आणि एक पाय खोडावर ठेवला. तेवढ्यात मागून घरमालक वामनरावांनी विचारलं,

"मंग किती देशील?"

राजकुमारने पाय पुन्हा जमिनीवर ठेवला.

"कायचे, काकाजी?"

"लाकडाचे. दुसरे कायचे?"

हा प्रश्न त्याला नवा नव्हता, पण दर वेळी तो नव्याने गोंधळायचा. पुण्याला झाडांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे त्याने चार वर्षं काढली होती. दोरावर कसं चढायचं, फांदी कुठे कापली म्हणजे जखम भरून येते, कापलेली फांदी कौलांवर न आदळता अलगद कशी उतरवायची, हे सगळं तो तिथे शिकला. मग स्वतःचा धंदा करावा म्हणून हप्त्यांवर यंत्रकरवत घेऊन अमडापूरला परतला. ठेकेदाराने एकच गोष्ट शिकवली नव्हती. ती अशी, की इकडे झाडावर चढणारा माणूस झाडाच्या मालकाला पैसे देतो. लाकूड तोडणाऱ्याचं, पैसे मालकाचे, आणि झाड सपाट. ही रीत लोकांच्या अंगात इतकी मुरलेली होती, की झाड न पाडता वर पैसे मागणाऱ्या राजकुमारकडे ते, खानावळीत जेवून गल्ल्यावरच्या माणसाकडे पैसे मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसे बघत.

शिवाय नुसतं झाड पाहून जा म्हणणारे बरेच. पाहायचे पैसे नव्हते. एक दिवस पिंपळगाव राजाला, एक दिवस सोनाळ्याला, असं पेट्रोल जाळत तो झाडं पाहत हिंडायचा. कोणती फांदी धोक्याची ते सांगायचा. लोक घाबरायचे, चहा द्यायचे, आणि दिवाळीनंतर बघू म्हणायचे. पहाटे घरून निघालेला माणूस दिवेलागणीला परतायचा, तो बहुतेक वेळा फक्त चहा पिऊन.

म्हणून आज सकाळी त्याच्या बायकोने, पुष्पांजलीने, भाकर वाढताना त्याच्याकडून आकडा पाठ करून घेतला होता. ती ब्लाऊज शिवायची आणि भावाच्या बाबतीत तिला कधी गोंधळल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"म्हना."

"अठराशे. लाकूड तुमचं."

"खाली पाहून नाई. माह्याकडं पाहून म्हना."

"अठराशे. लाकूड तुमचं."

"आज हे जमलं तर ठीक. नाई तर संध्याकाळी कारभारीभाऊच्या लाकडाच्या आऱ्यावर जाऊन नोकरीले हो म्हना. पगार भेटते, वेळेवर घरी येता, अन् हप्ता त्याच्या अंगावर. मशीन तोच घेतो म्हनते."

आता वामनराव उत्तराची वाट पाहत उभे होते. राजकुमारने पुष्पांजली समोर आहे असं समजून म्हटलं,

"मी देत नाई, काकाजी. मी घेतो. अठराशे. लाकूड तुमचं."

वामनरावांची सगळी नोकरी हिशेब शाखेत गेली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या पुढ्यात बेरजेला असं काही आलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला.

"थांब. कारभारीचा मानूस परवा येऊन गेला. झाड बुडातून नेतो अन् तीन हजार देतो म्हने. तू अठराशे घेतं, अन् झाड जागच्या जागी ठेवतं. म्हंजे माह्याच अंगनात माहंच झाड ठेवाले मले पडले चार हजार आठशे. बरोबर?"

राजकुमारने हिशेबात चूक शोधली. सापडली नाही.

"बरोबर," तो म्हणाला.

ओसरीवर गहू निवडत बसलेल्या शकुंतलाकाकूंनी सूप खाली ठेवलं.

"बुडातून तोडलं तर मी दुपारची कुठं बसू? तुमच्या डोक्याच्या सावलीले?"

वामनरावांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे सावलीजोगं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी सर्वांना मान्य होईल असा तोडगा काढला.

"असं कर राजकुमार. तू देऊ नको, मी देत नाई. जेवढ्या फांद्या काढशील तेवढं लाकूड तुहं. झाडही राह्यलं. कोनाचंच नुकसान नाई."

"हाव," राजकुमार म्हणाला, आणि आपण काय म्हणालो हे समजेपर्यंत तो निम्म्या झाडावर पोचला होता.

वरून सगळं स्पष्ट दिसत होतं. कौलांवर टेकलेली एक वाळकी फांदी आणि आजूबाजूचं थोडं किरकोळ. तेवढं काढलं की घराचा धोका संपणार होता. पण ते लाकूड पेट्रोलचाही खर्च भरून काढणारं नव्हतं. तिच्या शेजारी मात्र मांडीएवढी जाड, निरोगी फांदी अंगणावर पसरलेली होती. तिच्यात आजचा रोज होता, साखळीची धार होती, दोराची झीज होती, आणि हप्त्यातलाही काही भाग होता. ती काढायची गरज नव्हती हे खालून कोणाला कळलं नसतं.

त्याने करवत सुरू केली आणि पातं त्या जाड फांदीपाशी नेलं.

खाली काकूंनी ऊन सरकलं तशी बसायची जागा बदलली होती. सूप घेऊन त्या नेमक्या त्या फांदीच्या सावलीत येऊन बसल्या होत्या. करवतीचा आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि परत गव्हात बोटं घातली.

मागे एकदा त्याने पैशांऐवजी लाकडावर काम घ्यायची गोष्ट काढली होती, तेव्हा पुष्पांजली शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली होती, "मी उरलेल्या कापडावर शिलाई ठरवली, तर बायांच्या बाह्या आखूडच होतीन ना."

राजकुमारने करवत बंद केली. कपाळावरचा घाम पुसला. मग दोर हातभर सरकवून वाळक्या फांदीकडे वळला.

ती उतरवायला दुपार टळली. एकेक तुकडा दोराला बांधून त्याने असा खाली सोडला, की एक कौल हललं नाही. अंगणात लाकडाचा जेमतेम एक भारा झाला. वामनराव त्याभोवती फिरले.

"एवढंच?"

"एवढंच काढाचं होतं."

"मंग दिवसभर काय करून राह्यला होता वरते?"

राजकुमार दोर गुंडाळू लागला. त्याच्या गाडीवर दोर, करवत आणि तो स्वतः, एवढंच मावत होतं. लाकूड न्यायला टेम्पो सांगावा, तर भाडं लाकडाहून जास्त. शेवटी वामनरावांनी भारा ठेवून घेतला, अंगणातली जागा अडते म्हणून थोडी कुरकुर करत. आजूबाजूच्या हिरव्या डहाळ्यांचा पाला काकूंनी गव्हात ठेवायला घेतला. राजकुमारला चहा मिळाला.

तिथून तो सरळ कारभारींच्या आऱ्यावर गेला. काय म्हणायचं ते फार सोपं होतं आणि त्यासाठी पाठांतराची गरज नव्हती. कारभारी फाटकातच उभे होते. पंचक्रोशीतली निम्मी झाडं त्यांच्या पात्याखालून गेली होती.

"कारभारीभाऊ, मी ते सांगाले आलो होतो..."

"ते मंग सांग. आधी इकडं ये."

आऱ्याला लागूनच असलेल्या त्यांच्या घरामागे नवीन टिनाच्या शेडवर एक जुनी चिंच ओणवली होती. एक फांदी पत्र्याला टेकत आली होती.

"एवढी एक उतरवाची. पत्रा वाकता कामा नाई, अन् झाडाले धक्का नाई. माह्या मानसायले बुडातून घेनंच येते."

"ठेवाचं काऊन मंग?"

कारभारी विचारात पडले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता.

"आपलंच आहे ना बे," ते शेवटी म्हणाले. "बरं, किती घेशील?"

राजकुमारने तोंड उघडलं. सकाळी पाठ केलेला आकडा तिथे नव्हता. जो होकार द्यायला आला होता तोही सापडेना. त्याने खिशातून फोन काढला आणि थोडा बाजूला झाला.

"पुष्पा, कारभारीभाऊ मले इचारून राह्यले, किती घेशील."

शिलाई मशीनचा आवाज थांबला.

"तुमी काय म्हनले?"

"काईच नाई."

"काईच म्हनू नका. फोन त्यायच्याजवळ द्या."

कारभारींनी फोन कानाला लावला. पहिल्यांदा ते हसत होते. मग टोपी सारखी केली.

"हाव ताई... नाई, लाकूड आमच्याकडंच... पेट्रोल वेगळं? बरं... दोराचं? दोराचं काय?... बरं, बरं... अन् चढाचे वेगळे, पाह्याचे वेगळे?"

त्यांनी फोनवर हात ठेवला.

"काय रे, तू झाड पाह्यलं का?"

चिंचेच्या शेंड्याकडे टक लावून उभ्या असलेल्या राजकुमारने घाईने मान खाली घातली, जणू अजून काही पाहिलंच नव्हतं.