मनुबाईंचं उरलेलं वाक्य

खासदार तात्याबांनी १९९४ साली भर लोकसभेत आपल्या बायकोचं नाव घेतलं. डंकेल प्रस्तावावर, म्हणजे बियाण्यांवर परदेशी कंपन्यांचा हक्क किती असावा यावर, चर्चा चालली होती.

तसं काही झालेलं नाही. लोकसभेचा छापील वृत्तान्त काढून बघा. त्यात तात्याबांचं भाषण आहे, कंसात घंटी आहे, कंसात व्यवधान आहे, पण बायको कुठंच नाही. त्यामुळे पुढची गोष्ट घडायला खरं तर काहीच कारण नव्हतं.

तात्याबा तासगाव तालुक्यातले. अधिवेशन सुरू झालं की दिल्लीला जायचे आणि मनुबाई मागं बेदाण्याच्या शेडवर राहायच्या. भाषणांचे वृत्तान्त तीनचार महिन्यांनी टपालानं यायचे. मनुबाई सातवी शिकलेल्या. हिंदीची अक्षरं आपलीच आहेत म्हणून बोट ठेवून सगळं वाचायच्या. पंजाब, रुपयाचं अवमूल्यन, अंतराळातला उपग्रह, सगळ्यावर नवऱ्याचं मत काय आहे ते त्यांना पाठ होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तात्याबा त्यांच्याशी जेवढं बोलले, त्यापेक्षा जास्त ते पंजाब प्रश्नावर बोलले होते.

बायकोचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. घरात "अगं ए" यावर भागायचं. लग्नात बायकांनी नाव घ्यायला लावलं, तेव्हा पंचायतीची मीटिंग आहे म्हणून ते मांडवातून उठून गेले. त्या दिवशी मीटिंग नव्हती. मग त्यांनी जाऊन ती भरवली.

त्यात दूध उत्पादनावरच्या चर्चेत त्यांनी घरच्या म्हशीचा उल्लेख केला. नावानिशी.

"गंगूचं नाव दिल्लीच्या बुकात हाय," मनुबाई शेजारणींना सांगायच्या. "आमी काय, नुसत्या धारा काढतोय तिच्या."

तर डंकेलच्या चर्चेनंतर चार दिवसांनी साताऱ्याचे लालासाहेब सुभेदार एस.टी.नं थेट शेडवर आले. हे फौजेतून निवृत्त झालेले. संसद बघायची हौस म्हणून तात्याबांकडून पास घेऊन ते प्रेक्षक गॅलरीत बसले होते.

"वहिनी, सायबांनी नाव घेतलं की तुमचं!"

"म्हशीचं घेतलं आसंल."

"आवं, म्हशीचं नाव मनुबाई हाय का?"

मनुबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

लालासाहेबांनी सगळं सांगितलं. तात्याबांची वेळ संपली होती. तीनदा घंटी झाली. आता ह्यांचं काहीच रेकॉर्डवर जाणार नाही, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. तेव्हा तात्याबांनी हातातला कागद खाली टाकला, हिंदी सोडली आणि गावाकडच्या बोलीत सुरू झाले. "बियाण्याचं कंपनीला काय इचारताय? आमच्या घरात बियाणं मनुबाई ठेवती. राख लावून, मडक्यात. मनुबाई नसती तर मी..." आणि माईक बंद झाला.

"पुढं?"

"पुढं नुसतं ओठ हालत हुतं. वर काय ऐकाय येत न्हाई, वहिनी."

"किती येळ?"

"लय येळ. दीड मिनिट तरी. फौजी मानूस हाय मी, टायमात चुकायचो न्हाई."

"दीड मिनिट?" मनुबाई म्हणाल्या. ट्रंककॉलवरही तात्याबा एवढं बोलत नसत.

चार महिन्यांनी वृत्तान्त आला. घंटीच्या पुढं तीन टिंबं होती आणि एक बारकी चांदणी. पानाच्या तळाशी तशीच चांदणी काढून लिहिलं होतं, कार्यवाहीत समाविष्ट केले नाही. मनुबाईंनी त्या चांदणीवर बोट ठेवलं ते दुपारचा चहा निवला तरी उचललं नाही.

तात्याबा घरी आल्यावर त्यांनी पुस्तक पुढं धरलं. "आवं, ही चांदणी म्हंजे मी का?"

"त्ये रेकॉर्डवर न्हाई."

"तेच इचारतीया. पुढं काय बोललासा?"

"रेकॉर्डवर न्हाई म्हंजे झालंच न्हाई. तशी प्रथाच हाय संसदेची," असं म्हणून तात्याबांनी बॅग उचलली. गाडीला अजून पाच तास होते.

मनुबाईंनी मग स्वतःच वाक्य पुरं करून बघितलं. मनुबाई नसती तर मी उपाशी मेलो असतो. मनुबाई नसती तर मी दुसरी केली असती. मनुबाई नसती तर मी सुखात असतो. तिन्ही वाक्यं तात्याबांना शोभण्यासारखी होती. बेदाण्याच्या काड्या काढताना त्या कधी पहिलं धरायच्या, कधी तिसरं. पण आपण रचलेलं आणि त्यांनी म्हटलेलं यात फरक पडायचाच.

शेवटी त्या तासगावला गेल्या आणि कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या मानसिंगकडून अर्ज लिहून घेतला.

"काकी, दिल्लीचा अर्ज आसा थेट जात न्हाई," मानसिंग म्हणाला. "खासदाराची सही लागती. वळख हाय का?"

"तोंडवळख हाय," मनुबाई म्हणाल्या.

शनिवारी सांगलीच्या विश्रामगृहात खासदार लोकांना भेटत. मनुबाई इरकल नेसून रांगेत बसल्या. एकोणिसावा नंबर. पुढं टेलिफोन मागणारा, मागं एस.टी.चा थांबा मागणारा. तात्याबांची एक पद्धत होती. प्रत्येक अर्जदाराचं नाव ते आधी मोठ्यानं वाचत. लोकांना बरं वाटायचं.

एकोणिसावा कागद हातात आला. वर न बघता तात्याबांनी सुरुवात केली. "सौ."

आणि थांबले.

"सौ.," त्यांनी पुन्हा म्हटलं. मग वर बघितलं. मग पाणी मागवलं. मनुबाई पदर सावरून उभ्या होत्या. खोलीतली बाकीची माणसं सौ.च्या पुढचं ऐकायला थांबली होती.

"माईक बंद हुता," तात्याबा हळू म्हणाले.

"मला माईक कशाला लागतोय? मी हितं दोन हातावर हाय."

तात्याबांनी तोंड उघडलं. पंख्याकडं बघितलं, मिटलं, परत उघडलं. पंजाबवर पाऊण तास बोललेला माणूस. मागून थांबावाला ओरडला, "सायेब, आटपा की, आमची गाडी जाईल. थांबा न्हाई आमाला!"

तात्याबांनी घाईघाईनं पेन काढलं, अर्जाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं, सही केली आणि नाव न वाचताच पुढचा कागद ओढला.

परतीच्या एस.टी.त मनुबाईंनी कोपरा वाचला. 'मागणी रास्त आहे. सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' कवलापूर येईपर्यंत त्यांनी तो चारदा वाचला. नवऱ्याच्या हातचं आपल्याबद्दलचं एवढं लिखाण त्यांच्याकडं दुसरं नव्हतं. ते ठेवून घ्यावंसं वाटत होतं. पण ठेवलं तर अर्ज दिल्लीला जाणार कसा? तासगावच्या टपाल कचेरीत बराच वेळ पाकीट हातात धरून शेवटी त्यांनी ते रजिस्टर केलं.

अर्जातला शेवटचा परिच्छेद असा होता:

"सबब, दि. मजकुरी मा. सदस्यांनी सभागृहात उच्चारलेल्या 'मनुबाई नसती तर मी' यापुढील अंदाजे दीड मिनिटाचा मजकूर कार्यवाहीतून वगळण्यात आलेला असून, शासनास त्याचा काहीएक उपयोग नसल्याचे त्यावरून स्पष्ट होते. तरी सदर मजकूर निम्नस्वाक्षरीकर्ती अर्जदार हिला, आहे त्या स्थितीत, शक्यतो मा. सदस्यांच्या स्वतःच्या आवाजात, परत देण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."