नळीपलीकडचा उजेड

त्र्यंबक देवगावकराच्या घरी दसरा म्हणजे हत्यारांचा सण, आणि अमेरिकेतल्या श्रूजबरीसारख्या गावात हत्यारं म्हणून मांडायला असतं तरी काय! पाटावर स्क्रूड्रायव्हरचा संच, गाडीच्या किल्ल्या, मेहुण्याचा, रवीचा, कॅल्क्युलेटर, बायकोची, प्रतिमाची, शिवणाची कात्री, आणि या किरकोळ मंडळींच्या मध्ये आडवी ठेवलेली त्र्यंबकची शिकारीची रायफल. खरं हत्यार काय ते एवढंच. प्रतिमा तिला हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची, आणि गुळगुळीत लोखंडावर फूल काही केल्या ठरत नाही म्हणून परसातल्या शेवटच्या झेंडूचा देठ सरळ नळीच्या तोंडात खोचून मोकळी व्हायची. त्र्यंबक व्हॉल्व्हच्या कारखान्यात माल तपासणारा इंजिनिअर, त्यामुळे हा प्रकार त्याला दरवर्षी खटकायचा. पूजा उतरली की त्याच संध्याकाळी तो नळी आतून पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायचा. त्या वर्षी मात्र प्रतिमाने त्याचा हात धरला.

"अहो, यंदा पुसू नका. रवीची तुमच्याबरोबरची शेवटची शिकार आहे. देवाचं कुंकू राहू दे तिच्यावर."

"कुंकवाने काय होतं?"

"काही होत नाही. तरी राहू दे. आणि त्याला नीट घेऊन या म्हणजे झालं."

बायको इतक्या साध्या गोष्टीसाठी अडली तर नवऱ्याने वाद घालू नये, एवढं शहाणपण त्र्यंबकला संसाराने दिलं होतं. त्याने फूल तेवढं उपटलं आणि रायफल तशीच खोळीत घातली.

रवी हा प्रतिमाचा धाकटा भाऊ. नागपूरला इंजिनिअरिंग करून तो शेजारच्या वूस्टरला एम. एस.साठी आला आणि बहिणीच्याच घरी राहिला. त्र्यंबक-प्रतिमाला मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल बोलणंही त्यांनी कधीच बंद केलं होतं. हा पोरगा आला आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली, फ्रिजमधलं दूध संपायला लागलं, टीव्हीवरून भांडणं व्हायला लागली. रायफल धरायला त्र्यंबकनेच त्याला शिकवलं. त्र्यंबकचं बालपण चंद्रपूरकडच्या जंगलाच्या कडेला गेलेलं, वडिलांच्या मागे फिरताना जे डोळ्यांनी उचललं ते सगळं त्याने या पोराला दिलं. आता रवीला दूर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीजवळ नोकरी लागली होती आणि नाताळाच्या आत तो निघणार होता. आपल्याला फार आनंद झाला आहे असं त्र्यंबकने सगळ्या मित्रमंडळींना सांगितलं. मनातून तो पार खचला होता. गाडी चालवताना, दाढी करताना एकच विचार त्याला चावत राही, की याने जाऊच नये, काहीही व्हावं, पण जाऊ नये. त्या 'काहीही'चा त्याला स्वतःलाच राग येई, पण विचार जात नसे.

नोव्हेंबरात उत्तरेकडच्या व्हरमाँट राज्यात रायफलने हरीण मारायची परवानगी असते. शनिवारी सकाळी दोघे तिथल्या एका डोंगराच्या कुशीत पोचले तेव्हा रात्रीचा बर्फ पडून गेला होता आणि आभाळ राखाडी, खाली आलेलं होतं. इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून नारिंगी बंड्या घालून ते हेमलॉकच्या, म्हणजे बारमाही हिरव्या सूचिपर्णी झाडांच्या, गर्द झाडीत बसले. झाडी इतकी दाट की आत भर दिवसाही संध्याकाळ वाटत होती, समोर मात्र बर्फाने झाकलेला एक मोकळा उतार होता आणि सगळा उजेड त्या एका बाजूने येत होता.

गोळ्या भरण्याआधी त्र्यंबक बोल्ट, म्हणजे रायफलीची मागची सरकती कडी, काढून घ्यायचा. ती निघाली की रायफल म्हणजे मागून पुढून उघडी नळी. मागच्या बाजूने डोळा लावायचा, पलीकडे उजेडाचा स्वच्छ गोल दिसला तरच गोळी भरायची. नळीत साधा चिखल जरी अडकलेला असला आणि कुणी चाप ओढला, तर लोखंड फाटतं आणि चाप ओढणाऱ्याचंच तोंड घेऊन जातं. त्याने नळी फांद्यांमधल्या आभाळाच्या तुकड्याकडे धरून डोळा लावला. आत मिट्ट काळोख होता.

"तुझ्या ताईची पूजा," तो म्हणाला. त्याने पिशवीतून सफाईची सळई काढली, टोकाला चिंधी गुंडाळली आणि आत घातली. मध्यावर ती कशाला तरी अडली, मग सरकली. बाहेर आली ती झेंडूची एक वाळकी पाकळी, तेलात मळलेल्या कुंकवाचा गोळा आणि दोन-चार अक्षता.

रवी हसला. "भाऊजी, आपण मेलो असतो यार! ताईला सांगू नका, ती जेवायची नाही."

त्र्यंबकने दुसरी चिंधी फिरवली, ती तांबूस निघाली. तिसरी निघाली ती धुतल्यासारखी पांढरी. सळई आता नळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. त्याने पुन्हा आभाळाकडे नळी धरली आणि डोळा लावला.

काळोख.

त्याने डोळा पुसला. दुसरा डोळा लावला. सळई आत घातली, तिचं टोक पलीकडे बाहेर आलेलं हाताने चाचपलं, काढून घेतली आणि परत पाहिलं. पलीकडे काही नव्हतं. म्हणजे उजेडच नव्हता. मूठ वळवून तिच्या पोकळीतून त्याने तेच आभाळ पाहिलं, ते नीट दिसलं.

"बघ रे जरा."

रवीने डोळा लावला. "क्लिअर आहे. एकदम चकाचक. का?"

"नीट बघ."

"अहो भाऊजी, गोल दिसतोय, त्यात फांदीसुद्धा दिसतेय. तुम्हाला नंबर लागला असेल. पुढच्या वीकएंडला चेक करून घ्या ना."

त्र्यंबकने परत पाहिलं. आतला काळोख अडकलेल्या वस्तूचा वाटत नव्हता. वस्तूचा काळोख डोळ्याला टेकतो, हा लांबवर जात होता, आणि नळीच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त जात होता. त्याने नळी खाली घेतली.

"चल. परत जाऊ," तो म्हणाला.

"काय? आत्ता तर आलो!"

"रायफल बरोबर नाही."

"सळई गेली ना आरपार? मग? तुम्हीच शिकवलंत, सळई गेली, उजेड दिसला, की झालं." रवीचा आवाज उतरला. "भाऊजी, पुन्हा कधी येणार आपण? मी तिकडे गेलो की झालंच."

तो तिकडे जाणार, हे त्र्यंबकला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने रवीकडे पाहिलं. थंडीने नाक लाल झालेला, नीट दाढीही न केलेला तो चेहरा बघून त्याच्या पोटात माया दाटून आली, आणि त्या मायेच्या तळाशी दुसरंच काहीतरी हललं, ज्याच्याकडे त्याने बघायचं टाळलं. त्याने शेवटचं म्हणून नळीला डोळा लावला. काळोख होता तसाच होता.

"हो," त्र्यंबक म्हणाला. "दिसतोय."

आपण असं का म्हणालो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. शब्द तोंडातून निघून गेला होता. त्याने बोल्ट बसवला, गोळी भरली आणि रायफल रवीच्या हातात दिली.

नर हरीण आलं ते आवाज न करता, उताराच्या वरच्या कडेने. मोठं, रुंद शिंगांचं. रवीने रायफल खांद्याला लावली. त्र्यंबकला ओरडायचं होतं, हात पुढे करून नळी खाली दाबायची होती, पण त्याचे हात मांडीवर पडून राहिले. रवीच्या गालाला लाकूड टेकलेलं होतं, आणि फाटली तर नळी नेमकी तिथे फाटणार होती. त्र्यंबकने डोळे मिटले.

फट असा आवाज झाला, ओली फांदी मोडावी तेवढाच.

डोळे उघडले तेव्हा रवी धडधाकट होता आणि हसत होता. त्र्यंबकला रडू फुटायचंच बाकी राहिलं. त्याने पोराचा खांदा घट्ट धरला, डोकं चाचपलं, आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"पडला! भाऊजी, पडला!" रवी म्हणाला. "पण धक्का बसलाच नाही."

"धक्का नाही?" त्र्यंबकने त्याच्या हातून रायफल काढूनच घेतली. असा मुका बार झाला तर गोळी नळीतच रुतून बसलेली असते. "थांब. तू जाऊ नकोस पुढे."

पण रवी कुठला थांबायला! तो गुडघाभर बर्फातून उतारावर पळत सुटला होता. बार उशिराही उडू शकतो, म्हणून त्र्यंबक नियमाप्रमाणे थोडा वेळ थांबला, नळी जमिनीकडे धरून. मग बोल्ट मागे ओढला. काडतुसाची रिकामी पुंगळी उडून बर्फात पडली. त्याने बोल्ट पूर्ण काढून कोटाच्या खिशात टाकला, मागच्या तोंडात बोट घालून पाहिलं. गोळी नाही, काही नाही.

"भाऊजी!" रवी लांबून ओरडला. तो पडलेल्या हरणापाशी उभा होता. "याला लागलेलीच नाही! कुठेच होल नाही, रक्त नाही!"

"जिवंत आहे का?"

"नाही! मेलाय!"

मग गोळी कुठे गेली? नळीत रुतली असेल तर बघायला हवं. त्र्यंबकने नळी वर उचलली, पण फांद्यांमधलं आभाळ आता पार काळवंडलं होतं. उजेड उरला होता तो फक्त समोरच्या उतारावर. माणसाकडे नळी धरायची नाही, रिकामी असली तरी नाही, हा धडा त्याने रवीकडून घोकून घेतला होता. पण बोल्ट तर आपल्या खिशात आहे, त्याने मनाला समजावलं. बोल्ट काढलेली रायफल म्हणजे नुसता पाइप, आणि पाइपला कोण घाबरतं?

त्याने नळी उताराकडे धरली आणि डोळा लावला.

आधी तोच लांबवर जाणारा काळोख. मग कुठलाही आवाज न होता, डोळ्यासमोरून कुणीतरी हात काढून घ्यावा तसा तो पलीकडे सरला, आणि सकाळपासून तो शोधत होता तो उजेडाचा गोल स्वच्छ, पांढरा, काठोकाठ समोर आला. त्या गोलाच्या बरोबर मध्ये रवी उभा होता, छातीवर हात धरून, आपलंच काहीतरी चुकल्यासारखा त्र्यंबककडे बघत, आणि रक्ताचा थेंबही न सांडता हळूहळू बर्फात खाली बसत होता.