तीन बोटं, तीन बटणं

आधी मिक्सरचं दोन नंबरचं बटण अडकायला लागलं, मग एक नंबरचं, आणि महिन्याभरात तिन्ही बटणं दाबली तरी यंत्र ढिम्म. लाल बटण तेवढं खटकन खाली जायचं. पण ते बंद करायचं बटण, आणि बंद पडलेल्याला आणखी काय बंद करणार? सोलापुरातल्या बाळी वेशीतल्या त्या घरात यावर संध्याकाळी बोलणं झालं आणि जेवणाच्या आत निकाल लागला. सुनेनं बिघडवला.

निकाल देणारे वीरभद्रप्पा, हेमावतीचे सासरे. भुसाराचे व्यापारी, घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"ओल्या हातानं दाबती. वस्तूची कदर न्हाय," ते म्हणाले.

"व्हय की," सासूबाई सुंदरम्मा म्हणाल्या. हेमावतीचा नवरा रेवणसिद्ध ताटातल्या आमटीत भाकरी कुस्करत बसला, जणू आयुष्यात दुसरं काम नव्हतंच.

हेमावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बटणाला बोट लावायच्या आधी ती दोनदा पदराला हात पुसायची. कारण तो मिक्सर तिच्या वडलांनी, मैंदर्गीच्या ईरप्पांनी दिला होता. पंचमीला माहेरी गेलेल्या लेकीचं सुजलेलं मनगट त्यांनी पाहिलं. उखळात शेंगा कुटून कुटून ते असं झालं होतं. दोन महिन्यांत त्यांनी मुंबईहून ओळखीच्या माणसाकरवी मिक्सर मागवून सोलापूरला आणून ठेवला. साल सत्याहत्तर. त्या बोळात दुसरा मिक्सर नव्हता. शेजारणी बघायला यायच्या, आणि आधी "असली थेरं कशाला" म्हणणारे वीरभद्रप्पाच पुढं होऊन त्यांना बटणं दाखवायचे.

इतकं कौतुक, की तो त्यांच्या सोमवारच्या पूजेतही आला. दर सोमवारी लिंगपूजा झाली की तळहातावर उरलेली ओली विभूती ते दुकानाच्या तराजूला लावत, चौकटीला लावत, सायकलच्या दांडीला लावत. मिक्सर आल्यापासून त्यालाही. तीन बोटं, तीन बटणं, मापानं केल्यासारखी. खाली ओघळलेले थेंब हेमावती कोरड्या फडक्यानं टिपायची. बटणांवरची विभूती पुसायची मात्र त्या घरात कुणाची छाती नव्हती.

तर आता मिक्सर फडक्याखाली फळीवर गेला आणि हेमावती पुन्हा उखळापुढं बसली. मनगट ठणकायचं. त्याहून जास्त ठणकायचे ते "कदर न्हाय" हे दोन शब्द.

पंधरा दिवसांनी गुरुवारी सकाळी दारात ईरप्पा उभे. खांद्यावर शेंगांचं पोतं, अंगावर धुवट धोतर, रुमाल नीट बांधलेला. हेमावतीला आनंद झाला, पण वडलांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते सरळ वीरभद्रप्पांच्या बैठकीपुढं गेले, पोतं उतरवलं आणि हात जोडले.

"बीगर, तुमचं कार्ड मिळालं." त्यांच्याकडं व्याह्याला बीगर म्हणतात. "पोरीचं चुकलं. पदरात घ्या. मशीन मी घिऊन जातो, मुंबईला धाडून दुरुस्त करून आणतो."

हेमावती स्वयंपाकघराच्या दारात थिजली. "कसलं कार्ड, अप्पा?"

ईरप्पांनी बंडीच्या खिशातून पोस्टकार्ड काढलं. सासऱ्यांचं वळणदार अक्षर तिनं लांबूनच ओळखलं आणि पुढं होऊन वाचलं. 'आपल्या कन्येने मिक्सर निष्काळजीपणाने बिघडविला आहे. मुलीस वस्तू वापरण्याचे वळण लावलेले दिसत नाही. समक्ष यावे.'

"तुमाला कुटं मराठी वाचता येतंय?" तिनं विचारलं. ईरप्पांची शाळा कानडी, तीही चार यत्ता.

"पोस्टमननं वाचून दाखवलं की," ते खाली बघत म्हणाले. "कट्ट्यावर. समदी बसली हुती."

तिला तो कट्टा दिसला. तिच्या लग्नाची वरात त्याच कट्ट्यापुढून गेली होती. तिथं तिच्या बापानं मान खाली घालून हे ऐकून घेतलं होतं. ती इतकी संतापली की रडायचंही विसरली.

"मशीन कुटं जाणार न्हाय," ती म्हणाली. "हितंच उघडायचं. समद्यांपुढं."

"हेमा," सुंदरम्मा म्हणाल्या, "आत जा."

ती आत गेली नाही, बाहेर गेली. पायात चप्पल नव्हती, डोक्यावरचा पदर घसरला होता. बोळाच्या टोकाला यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करणारा नरसय्या होता. सून स्वतः मेकॅनिक बोलवायला निघाली हे अख्ख्या बोळानं पाहिलं. पाहू दे, तिला वाटलं. कट्ट्यानं ऐकलंय, बोळानं बघावं.

नरसय्या हातातलं काम टाकून आला. बैठकीतच त्यानं मिक्सर उलटा केला, चार स्क्रू काढले, बटणांची पेटी सोडवून वर्तमानपत्रावर ठेवली. वीरभद्रप्पा पाटावर ताठ बसले होते.

"बघ, पाणी गेलं असंल आत," ते म्हणाले.

"पाणी गेलंय," नरसय्या म्हणाला. त्यानं पेटी उघडली आणि कागदावर हलकेच आपटली. आतून पांढरे खडे पडले, चुन्यासारखे. एक बटण काढलं, त्याखालीही पांढरं. पितळी पट्ट्यांवर पांढरा थर, बारीक स्प्रिंगा त्यात गच्च रुतलेल्या. त्यानं एक खडा चिमटीत चुरडला, नाकाशी नेला आणि एकदम गप्प झाला. माणूस शहाणा होता.

बोलले ते ईरप्पाच, रोज कपाळाला लावायच्या सवयीनं. "ही तर विभूती."

सगळ्यांची नजर वीरभद्रप्पांच्या उजव्या हाताकडं गेली आणि त्यांनी तो हात मांडीखाली घेतला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोराच्या कपाळावर त्या सकाळच्या पूजेचे तीन पट्टे अजून ओले होते.

नरसय्यानं ब्लेडनं थर खरवडला, पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या, गंजलेली एक स्प्रिंग काढून डब्यातली दुसरी बसवली. मिक्सर जोडून दोन नंबर दाबलं. यंत्र असं घरघरलं की सुंदरम्मा मागं सरकल्या.

"झालं की मग," ईरप्पा हसून म्हणाले. त्यांना व्याह्याचा चेहरा बघवत नव्हता. "देवाचंच हाय. चुकून झालं. बास."

वडलांचं ते हसू बघून हेमावतीचा राग दुप्पट झाला. "तुमी हात जोडले तवा बास न्हवतं, अप्पा?"

"घरातली गोष्ट हाय, घरात मिटली," वीरभद्रप्पा म्हणाले. आवाज खाली आला होता.

"घरात राहिली कुटं, मामा?" तिनं कोनाड्यातल्या दुकानाच्या कार्डांतून एक कोरं कार्ड काढलं, पेन घेतलं आणि दोन्ही त्यांच्यापुढं ठेवलं. "मैंदर्गीला लिवा."

"अगं, बाप तुझा पुढंच बसलाय."

"अप्पांना न्हाय. पोस्टमनला वाचायला."

वीरभद्रप्पांनी सुंदरम्मांकडं पाहिलं. त्या मिक्सरकडं पाहत होत्या. मग ते म्हणाले, "लिहितो की. पण पाकीट आणू दे. असल्या गोष्टी पाकिटात बऱ्या."

"पाकीट नको. आधीचं उघडंच गेलं हुतं."

त्यांनी पेन उचललं. हेमावती शेजारी उभी राहून अक्षर न् अक्षर वाचत होती. 'मिक्सर दुरुस्त झाला. आपल्या कन्येची चूक नव्हती,' इतकं लिहून ते थांबले आणि सहीकडं वळले.

"कुणाची हुती, ते राहिलं," ती म्हणाली.

ईरप्पा कळवळून म्हणाले, "हेमा."

ती हलली नाही. शेवटी वीरभद्रप्पांनी सहीच्या वर, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात तीन शब्द लिहिले. 'माझ्या हातून बिघडला.' तिनं कार्ड उचललं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पायात चप्पल घालून स्वतःच टपालपेटीत टाकायला निघाली.